वाण्याच्या दुकानातला हेर

आजचा चित्रपट ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’. १९६५ सालचा, कृष्णधवल, दिग्दर्शक मार्टिन रिट. त्याच वर्षीचा बाँडपट ‘थंडरबॉल’ स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर घेऊन गेला. आपल्या चित्रपटातल्या रिचर्ड बर्टनला त्याच सोहळ्यात अभिनयाचं नामांकन होतं, पुरस्कार मात्र मिळाला नाही.

बाँड खोटा आणि हा खरा, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आम्हीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण बघा, दोन्हीकडे माणसं काही वेळा तीच आहेत. इथले एक पटकथाकार पॉल डेन, त्यांनी आदल्याच वर्षीच्या ‘गोल्डफिंगर’ची पटकथाही लिहिली होती. बाँडला हुकूम सोडणारा ‘एम’ म्हणजे बर्नार्ड ली. ते इथे लंडनमधले वाणी झालेत! आणि बर्लिनचं ते प्रसिद्ध चेकपॉइंट चार्ली? तो डब्लिनच्या स्मिथफील्डमध्ये उभारलेला सेट आहे. म्हणजे खरेपणा जागेत नाही. मग कशात आहे?

त्या वाण्याच्या दुकानात जाऊ. लीमस हा बर्लिनहून परत बोलावलेला ब्रिटिश हेर. पूर्व जर्मन गुप्तहेर खात्यातल्या मुंटचा काटा काढायचा, म्हणून लीमसने मोडून पडल्याचं, फितुरीला तयार असल्याचं सोंग घ्यायचं. दारू, कडकी, ग्रंथालयातली किरकोळ नोकरी. एक दिवस वाणी उधारी नाकारतो आणि लीमस त्याला ठोसा मारतो. रवानगी तुरुंगात. योजनेला तुरुंग हवाच होता. पण वाण्याला कुठे योजना माहीत आहे? त्याला लागलं ते खरंच लागलं. बाँडपटात डझनावारी माणसं मरतात आणि आपण पॉपकॉर्न खात असतो. इथे एक ठोसा खुपतो. शिवाय बर्टन तो असा मारतो, की सोंग कुठे संपलं आणि माणूस कुठे सुरू झाला ते कळतच नाही. आम्हाला वाटतं, लीमसलाही ते कळत नसावं. ऑस्वाल्ड मॉरिस यांचा कॅमेरा त्या सुजलेल्या, थकलेल्या चेहऱ्यावरून हलत नाही. इफेक्ट म्हणायचा तर तेवढाच.

मूळ कादंबरी १९६३ची, जॉन ल कारे यांची. भिंत उभी राहिली त्या काळात ते स्वतः पश्चिम जर्मनीत ब्रिटिश सेवेत होते. आणि रिट यांना पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत काळ्या यादीमुळे टेलिव्हिजनचं काम बंद झालेलं. आपल्याच बाजूने टाकून देणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता शेवट सांगावा लागणार. चित्रपट जुना आहे, रागावू नका. अर्ध्याहून अधिक वेळ आपण लीमसच्या योजनेच्या बाजूने असतो. मुंट ज्यूद्वेष्टा, क्रूर. तो अडकावा असं आपल्याला मनापासून वाटतं. मग खटला उभा राहतो आणि कळतं, की मुंट लंडनचाच माणूस आहे. त्याच्यावर संशय घेणारा फीडलर, हुशार, ज्यू, त्यातल्या त्यात सरळ, त्याला संपवण्यासाठी हे सगळं रचलेलं होतं. ऑस्कर वेर्नरचा फीडलर इतका जिवंत आहे, की आपल्याला शरम वाटते. कारण फसवणूक फक्त लीमसची झालेली नाही. आपणही मनातल्या मनात त्याच योजनेला हातभार लावत होतो ना?

तक्रार एकच. क्लेअर ब्लूमची नॅन. ग्रंथालयात काम करणारी, कम्युनिस्ट पक्षाची सभासद, लीमसवर जीव लावणारी. तिच्याच साक्षीने लीमस उघडा पडतो, आणि लंडनला नेमकं तेच हवं असतं. पण पटकथा तिच्या राजकीय श्रद्धेकडे भाबडेपणा म्हणूनच बघते. लंडनच्या साहेबांनी तिला वापरलं, तसं थोडंसं चित्रपटानेही वापरलं.

आणि ती भिंत. लीमस वर चढलेला, नॅनला खाली गोळी लागलेली. पलीकडून त्याचेच लोक ओरडतायत, उडी मार. तो पलीकडे बघतो. मग जिथून चढला होता त्याच बाजूला, नॅन पडली आहे तिथे, परत खाली उतरतो, आणि त्यालाही गोळी घालतात.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.