मारीचमृग आणि प्रत्यक्षाचे प्रामाण्य

नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिरापासून जवळच सीतागुंफा दाखविली जाते. तेथे येणाऱ्या भाविकाला सुवर्णमृगाच्या कथेचे तात्पर्य आधीच ठाऊक असते : सीतेला लोभ झाला, डोळ्यांनी दगा दिला आणि अनर्थ ओढवला. कीर्तनांतून रूढ झालेले हे तात्पर्य वाल्मीकींच्या अरण्यकांडाशी ताडून पाहिले असता टिकत नाही.

भ्रमाच्या चर्चेत भारतीय दर्शनांनी रज्जुसर्प, शुक्तिरजत व मृगजळ ही उदाहरणे पुनःपुन्हा घेतली. न्यायसूत्रांतील प्रत्यक्षाच्या लक्षणात 'अव्यभिचारी' हे विशेषण आहे. त्याचे प्रयोजन सांगताना वात्स्यायनाने मृगजळाचाच दाखला दिला. या सर्व उदाहरणांत इंद्रियाची चूक पुढे इंद्रियच दुरुस्त करते. दिवा आणला की सर्प मावळतो. शिंपला हाती घेतला की रुपे नाहीसे होते. मारीचाचे तसे नाही. त्याने मृगाचे रूप खरोखरीच धारण केले होते. रत्नमय शिंगे आणि रुपेरी ठिपके तेथे होतेच, आणि सीतेच्या नेत्रांनी जे होते तेच पाहिले. कितीही दिवे आणले असते तरी तो मृगच दिसला असता.

लक्ष्मणालाही तेच दिसले. असा रत्नखचित मृग पृथ्वीवर नसतो आणि मृगयेस आलेल्या राजांना मारीच याच कपटाने मारीत आला आहे, हे पूर्वज्ञान मात्र त्याच्या हाती होते. राक्षस हवे ते रूप घेतात ही गोष्ट सीतेलाही नवीन नव्हती. शूर्पणखेने ती याच आश्रमात स्वमुखाने सांगितली होती. पण मग राम का निघतो? हा मारीच असेल तर तो वध्यच आहे, असे त्याचे म्हणणे. कथेची खरी मेख येथे आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाध होईपर्यंत ते खरे मानावयाचे. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरते : पाण्यापर्यंत जावे, तहान भागली तर ते पाणी. रामाचे जाणे ही अशी परीक्षाच होती, आणि रावणाला नेमकी तीच हवी होती. मृग खरा असो वा खोटा, त्याच्यामागे जाताच आश्रम सुना पडणार होता. परीक्षा घेणे हेच ज्या कपटाचे साधन, त्यापुढे नैयायिकांचा उपाय निरुपयोगी ठरतो.

पुढे रामाच्या आवाजातील हाक येते. ती दोघांच्याही कानी सारखीच पडते. राम अजेय आहे, ही राक्षसी माया होय, असे लक्ष्मण सांगतो, आणि तो पुन्हा बरोबर ठरतो. तथापि हाक खरी असेल तर प्रत्येक क्षणाचा विलंब घातक, हा सीतेचा विचार अविवेकाचा म्हणता येत नाही. तिची खरी चूक वेगळीच आहे. लक्ष्मण जात नाही, त्या अर्थी त्याच्या मनात आपल्याविषयी अभिलाष आहे, असा निष्कर्ष ती काढते. दुसऱ्याचे मन डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. या प्रसंगातील तिचे एकमेव निखालस मिथ्या ज्ञान इंद्रियांनी दिलेले नाही, ते अनुमानाचे आहे. आणि लक्ष्मण आश्रम सोडतो तो त्याच अनुमानाने घायाळ होऊन. कीर्तनकार मृगावर थांबतो, म्हणून हा भाग त्याच्या हातून निसटतो.

भिक्षुवेषातील रावणाचा प्रसंग तर इंद्रियांचा नव्हेच. काषाय वस्त्र, छत्र, कमंडलू या चिन्हांवर विश्वास ठेवून अतिथीचा सत्कार करणे हा आचार होता. तो मोडावा असे सीतेला कोणी सांगितले असते?

उत्तरकालीन रामकथांतील लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या काव्यात नाही. लोकमानसात ती एवढी ठसली आहे की तिच्यावाचून हरणाची कथा अपुरी वाटते. पण रेषा आली आणि प्रश्नच पालटला. काय खरे मानावे, या पेचाच्या जागी आज्ञा पाळली की मोडली, एवढाच हिशेब उरला. सीतेला दोष देणे त्यामुळे फारच सोपे झाले.

वाल्मीकींनी बाध दाखविला तो आश्रमापासून दूर, आणि रामाला. बाण लागून मरताना मारीच मृगरूप टाकतो. ते पाहून रामाला लक्ष्मणाचे बोलणे आठवते, आणि दुसऱ्याच क्षणी ही हाक ऐकून सीतेचे काय होईल, या विचाराने त्याच्या अंगावर काटा येतो.