शेवटच्या प्रश्नांसाठी रजा कुठून आणायची?

अतुल गावंडे यांचं ‘बीइंग मॉर्टल’ (2014) पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आजोबांच्या गोष्टीतच रमले. महाराष्ट्रातल्या खेड्यात सीताराम गावंडे जवळजवळ 110 वर्षं जगले, तेही घरच्यांच्या गराड्यात. अमेरिकेत एकट्याने पीएचडी करताना असं काही वाचलं की गळा दाटतोच.

गेल्या वर्षी पुन्हा वाचलं, तेव्हा मात्र चिडचिड झाली. मैत्रिणीच्या सासऱ्यांना कॅन्सर झाला होता. ग्रीन कार्ड मिळून तीनच वर्षं झालेली, आणि मेडिकेअरसाठी सलग पाच वर्षं राहावं लागतं. काढलेला खासगी विमा तोकडा. नवऱ्याची नोकरी नवी, म्हणजे 1993 च्या कायद्यातली 12 आठवड्यांची बिनपगारी रजासुद्धा नाही, कारण तिला आधी वर्षभर नोकरी लागते. मैत्रिणीची नोकरी जुनी. पण त्या कायद्याच्या ‘आईवडिलां’त सासूसासरे बसतच नाहीत! रात्री उठत होती तीच.

गावंडे सांगतात, माणसाला विचारा: तुला कशाची भीती वाटते, काय सोडायला तयार आहेस, काय नाही? प्रश्न अगदी योग्य आहेत. पण त्यांच्या वडिलांना ते विचारले गेले तेव्हा वडील युरॉलॉजिस्ट, आई बालरोगतज्ज्ञ आणि मुलगा सर्जन होता. कमी उत्पन्नाच्या वृद्धांच्या घरांबद्दल ते आपुलकीने लिहितात, हे मान्य. तरी पुस्तकाचा सगळा भर डॉक्टरने नीट बोलण्यावर आहे. बोलणं झाल्यावर घरी कोण थांबणार, याला तेवढी जागा नाही. हॉस्पिस म्हटलं की कुणीतरी रात्रभर उशाशी बसेल असं आपल्याला वाटतं. घरच्या हॉस्पिसमध्ये नर्स बहुधा आठवड्यातून काही वेळाच येते. कूस बदलणं, डायपर, मॉर्फिनची वेळ, हे सगळं घरच्यांनी बघायचं. आजोबांच्या त्या गराड्यातही हे कुणीतरी केलंच असणार. कुणाच्या सुनेने?

आणि मृत्यूनंतरचं काय? मेडिकेअरच्या नियमानुसार हॉस्पिसने कुटुंबाला वर्षभरापर्यंत शोकसमुपदेशन द्यायचं असतं. म्हणजे शोकातला आधारही त्याच दारातून येतो. जे त्या दारापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांच्या दुःखाची कुठे नोंदच होत नाही.

मैत्रिणीचे सासरे हॉस्पिटलात गेले. तिसऱ्या दिवशी ती कामावर हजर होती. तेराव्याला नागपूरची मंडळी झूमवर आली. हॉस्पिटलकडून त्यानंतर जो पहिला कागद आला, तो बिलाचा होता.