क्रौंचाचे पंख आणि नदीचा पैलतीर

एका संस्कृतीतील कथा दुसऱ्या संस्कृतीच्या रंगभूमीवर नेली जाते तेव्हा काय पलीकडे पोहोचते आणि काय वाटेत सांडते, हा नाट्यसमीक्षेतील जुना प्रश्न आहे. ज्या कथेचा प्राण निसर्गाशी असलेल्या नात्यात आहे, तिच्या बाबतीत तो अधिकच बिकट होतो. वेशभूषा नेता येते, मुखवटे नेता येतात, संगीतही परिश्रमाने आत्मसात करता येते. पण झाड, पक्षी आणि नदी ही ज्या त्या मातीचीच असतात. जपानी कथांवर आधारलेले नाट्यप्रयोग पाहताना अथवा वाचताना आम्ही म्हणूनच एकच कसोटी लावतो : त्यातील पक्ष्याचे पुढे काय झाले?

आरंभ जपानच्याच एका नाटकापासून करणे योग्य होईल. जुन्जी किनोशिता यांचे ‘यूझुरु’, म्हणजे सांजवेळचा क्रौंच, हे नाटक १९४९ साली रंगभूमीवर आले. सादो बेटावरील एका लोककथेचा त्याला आधार आहे. बाणाने जखमी झालेल्या क्रौंच मादीला योह्यो नावाचा भोळा शेतकरी वाचवतो. ती स्त्रीरूप घेऊन, त्सू या नावाने, त्याची पत्नी होते आणि स्वतःची पिसे उपटून त्याच्यासाठी अलौकिक वस्त्र विणते. बाण लागलेला क्रौंच म्हटले की आपल्याला वाल्मीकी आठवतो. पण तिथे पक्ष्याच्या दुःखातून श्लोक जन्मतो, इथे पक्ष्याच्या कृतज्ञतेतून वस्त्र. आणि ते वस्त्र बाजारात विकले जाऊ लागते, तिथेच शोकांतिकेला प्रारंभ होतो.

किनोशितांची खरी प्रतिभा भाषेच्या योजनेत दिसते. गावकऱ्यांच्या तोंडी त्यांनी कोणत्याही एका प्रांताची नसलेली, अनेक बोलींतून घडवलेली ग्रामीण भाषा घातली, तर त्सूच्या तोंडी शुद्ध, सोज्ज्वळ जपानी. उन्झु आणि सोदो हे लोभी गावकरी बोलतात ते तिला समजतच नाही. पुढे नवराही पैशाची भाषा बोलू लागतो, तेव्हा त्याचे ओठ हलताना तिला दिसतात, पण अर्थ पोहोचत नाही. माणूस आणि निसर्ग यांच्यातील दुरावा इतक्या साध्या नाट्ययुक्तीने व्यक्त झालेला आम्हांला अन्यत्र आढळला नाही. परभाषेच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना तर ही युक्ती विशेष भिडावी. शब्द कानी पडावेत आणि नाते मात्र तुटलेले असावे, हा अनुभव आपणांस परका नाही.

हे नाटक परभाषेत नेताना नेमका हाच भाग निसटतो. सर्व पात्रे एकाच प्रमाण भाषेत बोलू लागली की उरते ती एक गोड परीकथा. पत्नी पक्षी असते, नवरा वचन मोडतो, पत्नी उडून जाते. प्रेक्षक हळहळतो आणि घरी जातो. क्रौंच हा केवळ शोभेचा अलंकार ठरतो. वास्तवात जपानमधील तांबड्या माथ्याचा क्रौंच मेइजी काळातील अनिर्बंध शिकारीमुळे आणि दलदली आटवल्यामुळे नामशेष झाल्यातच जमा होता. १९२४ साली होक्काइदोतील कुशिरोच्या दलदलीत त्यांचा एक लहानसा थवा आढळला. इकुमा दान यांनी ‘यूझुरु’ला दिलेले संगीतिकेचे रूप १९५२ साली रंगमंचावर आले, त्याच वर्षी या पक्ष्याला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. रंगमंचावर क्रौंच उडून जात होता आणि बाहेर त्याला परत बोलावण्याची धडपड चालू होती. हा संदर्भ ज्या दिग्दर्शकाला ठाऊक नाही, त्याच्या हाती पिसांचे फक्त कापड उरते.

याच्या अगदी उलट वाट बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराने धरली. १९५६ साली तोक्योत त्यांनी ‘सुमिदागावा’ हे नो नाटक पाहिले. हरवलेल्या मुलाच्या शोधात वेडी झालेली आई, नावाडी आणि पैलतीरावर त्या मुलाचे थडगे, एवढेच त्याचे कथानक. तरुणपणी जपानमध्ये राहिलेले विल्यम प्लोमर यांनी त्यावरून संहिता लिहिली आणि १९६४ साली सफोक परगण्यातील ऑरफर्डच्या चर्चमध्ये ‘कर्ल्यू रिव्हर’ सादर झाले. मूळ नाटकातील ‘मियाकोदोरी’, म्हणजे राजधानीचा पक्षी, हा जुन्या जपानी काव्याच्या स्मृतीने भारलेला आहे; ती स्मृती इंग्रज श्रोत्याजवळ नाही. म्हणून त्याच्या जागी पूर्व इंग्लंडच्या पाणथळीत करुण साद घालणारा, लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू आला. सुमिदा नदीचीही इंग्लंडच्या दलदलीतील नदी झाली. पक्षी बदलला, पण पक्षी आणि दुःख यांचे नाते बदलले नाही. आमच्या मते हेच खरे भाषांतर.

तथापि शेवट आम्हांला खटकतो. नो नाटकात पहाट होते, मुलाची आकृती विरते आणि समोर उरते ते केवळ गवताने झाकलेले थडगे. ब्रिटन-प्लोमर यांच्या कृतीत मुलाचा आत्मा आईला शांती देतो आणि ती वेडातून मुक्त होते. ख्रिस्ती प्रार्थनास्थळात हे स्वाभाविक असेल. पण गवत जे मूकपणे सांगत होते, ते आशीर्वादाच्या सुरांत बुडून जाते.

तिसरे उदाहरण अलीकडचे. हायाओ मियाझाकी यांच्या १९८८ सालच्या ‘माय नेबर टोटोरो’ या चित्रपटाचे नाट्यरूप रॉयल शेक्सपिअर कंपनीने ऑक्टोबर २०२२मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये आणले. टॉम मॉर्टन-स्मिथ यांची संहिता, फेलिम मॅकडरमॉट यांचे दिग्दर्शन, बासिल ट्विस्ट यांच्या बाहुल्या आणि मूळ चित्रपटाचे संगीतकार जो हिसाइशी यांचा प्रत्यक्ष सहभाग, असा हा मोठा संयुक्त उद्योग. २०२३ साली त्याला सहा ऑलिव्हिए पुरस्कारही मिळाले. याचा आधार एखादी विशिष्ट लोककथा नव्हे, तर झाडात, वाऱ्यात, जुन्या घरात काहीतरी वसते ही लोकश्रद्धा. देवराईतील झाडाला कुऱ्हाड न लावणाऱ्या कोकणच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. बाहुल्या हलवणारे कलावंत येथे लपत नाहीत. तेच जणू वाऱ्याचे आत्मे होतात. जपानी बाहुलीनाट्याचा संकेत केवळ उसना न घेता त्याला अर्थ दिला गेला, हे या प्रयोगाचे यश आहे.

उणीव वेगळीच आहे. टोटोरोचे रान हे निबिड अरण्य नव्हे. गावाने सरपणासाठी ठराविक वर्षांनी तोडून पुन्हा फुटू दिलेली, पालापाचोळा शेतात नेऊन राखलेली ती टेकडी आहे. माणसाच्या श्रमावर ती उभी होती. घरोघरी गॅस आणि शेतात रासायनिक खत आले, तेव्हा ती ओस पडू लागली. नाट्यप्रयोग आपल्याला विस्मय देतो, श्रम मात्र पार्श्वभूमीलाच राहतात. निसर्ग हा पाहण्याचा चमत्कार ठरतो, पाळण्याचा व्यवहार ठरत नाही.

येथे पुन्हा सादोकडे वळावेसे वाटते. जपानात जन्मलेला शेवटचा तोकी पक्षी त्याच बेटावर २००३ साली मरण पावला. चिनी पक्ष्यांपासून वाढवलेले तोकी २००८पासून तेथे मोकळे सोडण्यात आले आणि त्यांना चारा मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी कीटकनाशके कमी केली, हिवाळ्यातही भातखाचरांत पाणी राखले. क्रौंच मादीने विणून दिलेल्या वस्त्राची परतफेड म्हणावी, तर ती ही. जपानी कथेला हात घालणाऱ्या नाट्यमंडळींनी किमोनोची घडी शिकण्याआधी हे पाणी समजून घ्यावे. मग पक्षी बदलला तरी चालेल, नदी बदलली तरी चालेल.