गुणदान आणि माप

भंडारा जिल्ह्यात भातकापणी उरकली, की झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. अशाच एका नाटकास दहांपैकी चार गुण देताना, 'पदांमुळे कथानक खोळंबते', असे आम्ही लिहिले होते. पुढे आमच्याच ध्यानात आले, की १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'तील पदांस आम्ही नाटकाचा प्राण म्हणत आलो आहो! रुचि ज्याची त्याची. तिच्यावाचून टीका संभवतच नाही. परंतु नामवंतास एक माप व खेड्यातील नटास दुसरे, ही रुचि नव्हे, पक्षपात होय. टीकाकाराने आपली आवड आरंभीच सांगावी. वाचक तेवढी वजावट करून घेईल. बदलत्या मापाची वजावट मात्र कोणासही करता येत नाही.