‘गाव शांत, निवांत आहे’ : जव्हारला जाण्याआधी वाचायचं एक पुस्तक

माझ्या फील्डवर्कच्या पहिल्या वहीत पहिल्याच पानावर एक वाक्य आहे : ‘गाव शांत, निवांत आहे.’ गाव जव्हार तालुक्यातलं, महिना जानेवारी. गाइडनी त्या वाक्याभोवती लाल पेनाने गोल काढला आणि बाजूला एकच शब्द लिहिला, ‘का?’

खरं तर उत्तर मला घरूनच माहीत असायला हवं होतं. मी येडशीचा. आमच्या भागात दसरा-दिवाळी आटोपली की ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर कारखान्यांच्या पट्ट्यात निघून जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, यावरूनच काय ते समजा. जानेवारीत अशा वस्तीवर येऊन कुणी ‘किती निवांत आहे हो इथे’ म्हणालं, तर आम्ही हसू. श्रावणात रामलिंगला येणारे लोक धबधबा, माकडं आणि जटायूची कथा लिहून परत जातात, त्यावर मी कॉलेजात असताना तावातावाने बोललेलो आहे. आणि तोच मी नाशिक, त्र्यंबक, मोखाडा करत जव्हारला उतरलो आणि तेच केलं. वस्तीतली निम्मी दारं लावलेली होती. माणसं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर गेली होती, भिवंडी-वसईकडे. मागे म्हातारी माणसं आणि काही पोरं. मी लिहिलं, निवांत.

जव्हारवर लिहिलेलं बरंचसं याच जातीचं आहे. साडेचारशे मीटरच्या आसपासची उंची, पावसाळ्यातलं धुकं, दाभोसा धबधबा, जय विलास राजवाडा, हनुमान पॉइंट, आणि मग ‘समृद्ध आदिवासी संस्कृती’. या शेवटच्या दोन शब्दांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी सगळे एका टोपलीत. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा हेच शब्द आपोआप बोटांवर येतील. माझ्याही आले. आरआरसीसमोर ते चांगले वाजतात, म्हणून जास्त धोकादायक.

म्हणून सांगतो, या डोंगरात जाण्याआधी गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचा. १९७० चं पुस्तक, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. विषय १९४५ ते ४७ चा वारल्यांचा उठाव, मुख्यतः डहाणू-उंबरगाव पट्ट्यातला. ‘प्रेरणादायी’ म्हणून वाचू नका, तसं ते पुष्कळ वाचून झालंय. बाहेरून आलेलं माणूस काय बघतं आणि काय नाही, याचा नमुना म्हणून वाचा.

या पुस्तकाचं मोठं बळ म्हणजे बाई स्वतःला कुठेही लपवत नाहीत. शहरातून आलेली, शिकलेली, वरच्या जातीतली बाई पाड्यावर येते. लोक घाबरतात, कारण पांढरपेशा माणूस म्हणजे सावकार नाहीतर सरकार. आपल्याकडच्या प्रबंधांत ‘संशोधकाची भूमिका’ नावाचं अर्ध्या पानाचं प्रकरण असतं आणि ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी प्रबंधावरून उतरवलेलं असतं. ती भूमिका प्रत्यक्षात काय असते, ते इथे दिसतं.

आणि ‘लग्नगडी’ हा शब्द. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला आयुष्यभर त्याच्याकडे राबायचं. बायकोही त्याच वेठीला. हा शब्द कळल्यावर मी पुन्हा जव्हारच्या हॉटेलातली भिंत आठवून पाहिली. तिच्यावर वारली चित्र होतं, चौकोनी चौकट आणि मध्ये देवी पालघाट. हा लग्नाचा चौक. मुळात तो लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढतात, आणि लग्न लावते ती धवलेरी, गाणी म्हणणारी बाई. सत्तरच्या दशकात कागद आला, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखे पुरुष चित्रकार पुढे आले, आणि चौक भिंतीवरून सुटून जगभर गेला. चित्रकलेवरचं लेखन आपल्याला हा चौक दाखवतं. परुळेकरांचं पुस्तक त्याच लग्नाचं कर्ज दाखवतं. लग्न एकच. पण ही दोन वाचनं एकाच प्रबंधात शेजारी आलेली मला फार क्वचित दिसली. कलेचा विद्यार्थी कर्जाचं वाचत नाही, आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी चौकाला ‘सांस्कृतिक पार्श्वभूमी’मध्ये दोन ओळी देऊन मोकळा होतो.

आता तक्रार. पुस्तकाचं नाव बघा. ‘माणूस जागा होतो’ म्हटलं की आधी तो झोपला होता, असं आलंच. उठवणारं कोणीतरी आलं, हेही आलं. १९७५ मध्ये इंग्रजी अनुवाद निघाला, त्याचं नाव ‘आदिवासीज रिव्होल्ट’. तिथे क्रियापदाचा कर्ता आदिवासी आहे. मजकूर तोच, पण दोन नावांत माणसाची जागा बदलते. मला इंग्रजी नाव जास्त प्रामाणिक वाटतं. मराठी नावातला शिक्षकी सूर पुस्तकात अधूनमधून ऐकू येतो. धवलेरीसारखी, गावाला आधीपासून धरून ठेवणारी माणसं त्या सुरात मागे राहतात. उठावातल्या बायकांचा प्रश्न वेगळा विचारायला इंद्रा मुन्शी सालढाणा यांचा १९८६ चा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधला लेख यावा लागला. वर्ग आणि स्त्रीपण यांचा मेळ डाव्या नजरेत कसा बसतो, हा त्याचा विषय. पुस्तक वाचलंत तर तो लेख लगेच वाचा, महिनाभराने नको.

दुसरी अडचण जव्हारचीच आहे. परुळेकरांचं चित्र आहे जमीनदार विरुद्ध वारली. पण जव्हार हे संस्थान होतं आणि तिथले मुकणे राजे महादेव कोळी होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. म्हणजे राजवाडा आदिवासीचा आणि त्याच्या राज्यातला कूळही आदिवासी. हे लक्षात घेतलं की ‘आदिवासी संस्कृती’ ही टोपली फुटते, आणि ‘शोषित आदिवासी’ ही दुसरी टोपलीसुद्धा. तुमची प्रश्नावली महादेव कोळ्याच्या घरी आणि कातकऱ्याच्या घरी तीच चालणार नाही. मी चालवली. कातकरी घरात ‘तुमच्या जमिनीवर कोणतं पीक घेता?’ हा माझा सहावा प्रश्न होता. बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. मेक्सिकोतल्या चियापासच्या डोंगरात झिनाकांतान नावाचं माया लोकांचं गाव आहे. १९५७ पासून हार्वर्डचा मोठा प्रकल्प तिथे चालला, विद्यार्थ्यांच्या तुकड्या येत राहिल्या. फ्रँक कॅन्सियन यांनी १९६५ मध्ये तिथल्या ‘कार्गो’ पद्धतीवर, म्हणजे धार्मिक जबाबदाऱ्या स्वीकारून मान मिळवण्याच्या व्यवस्थेवर, पुस्तक लिहिलं. पुढे १९९२ मध्ये त्यांनीच त्याच गावावर दुसरं पुस्तक काढलं, आणि त्याच्या नावातच समुदायाचा ऱ्हास आहे. मधल्या वर्षांत मजुरी, व्यापार आणि राजकारण यांनी गाव बदललं होतं. त्यानंतर, १ जानेवारी १९९४ ला, जवळच्याच सान क्रिस्तोबाल शहरात झापातिस्ता बंडखोर शिरले. शेजारच्या चामुलाच्या चर्चमध्ये आजही पर्यटकाला फोटो काढू देत नाहीत. नियम गावाचा. आपण फोटो आधी काढतो आणि ग्रामसभेला पत्र नंतर देतो, तेही गाइडनी आठवण केली तर.

मी दुसऱ्यांदा गेलो ते होळीच्या सुमारास, माणसं परतू लागली होती तेव्हा. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न बदलला होता : ‘गेल्या दिवाळीनंतर घरातलं कोण कोण, कुठे, किती दिवस होतं?’ याची उत्तरं पटापट आली, कारण आगाऊ घेतलेल्या पैशांचा हिशोब प्रत्येकाच्या डोक्यात होता. एका आज्जींनी उलट मला विचारलं, ‘तुमच्याकडं पन जातंत का अशी?’ मी उसाचं सांगितलं, उचलीचं सांगितलं. त्यांनी आकडा विचारला. जोडीमागे किती उचल मिळते, हे येडशीच्या पोराला तिथे धड सांगता आलं नाही. घरी फोन करून विचारलं, दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना सांगितलं, आणि मग त्यांनी नातीच्या लग्नाचा चौक कुठे काढणार ती भिंत दाखवली.