एकट्या स्वाराचे प्रवासवर्णन

तळवड्यास राहणाऱ्यास मोटारसायकलचे अप्रूप नाही. पलीकडे चाकणास ती तयारच होते. नव्या गाड्यांनी भरलेले लांबलचक ट्रक वळू लागले की मागची सारी रहदारी खोळंबते, आणि मग त्या वाहनाविषयी मनात येते ते साहित्यात घालण्याजोगे नसते! टेड सायमन या ब्रिटिश पत्रकाराचे १९७९ साली प्रसिद्ध झालेले ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ आम्ही हाती घेतले ते याच पूर्वग्रहाने. पुस्तक संपेपर्यंत तो टिकला नाही.

सायमन ६ ऑक्टोबर १९७३ रोजी लंडनहून एकटाच निघाला. गाडी ट्रायम्फ, ५०० सी.सी.ची, ती चालविण्यास तो शिकला या प्रवासाकरिताच. त्याच दिवशी इजिप्त व इस्रायल यांचे युद्ध पेटले, आणि याची वाट तर इजिप्तवरूनच! आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, हिंदुस्थान असे करीत, सुमारे एक लक्ष किलोमीटर तुडवून तो १९७७ साली परतला. एवढे ऐकून वाचक पराक्रमाच्या कथांची अपेक्षा करील. परंतु ग्रंथाचा प्राण त्यांत नाही.

ब्राझीलमध्ये फोर्तालेझा येथे पोलिसांनी त्यास संशयावरून अडकवून ठेवले. या प्रकरणात रस्ता नाही, वेग नाही. आपले पुढे काय होणार हे न कळणाऱ्या माणसाचे भय तेवढे आहे. ते तो लपवीत नाही, त्याचे भांडवलही करीत नाही. आमच्या मते सर्व पुस्तकात सरस भाग हाच. तो वाचताना वरसईच्या गोडसे भटजींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे गेलेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला, लुटला गेला, आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आला. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. भटजींच्या सोबतीस काका तरी होते. सायमनच्या सोबतीस वंगणाने माखलेले एक यंत्र. पण दोघांचेही लेखन रंगते ते योजिलेला बेत मोडल्यावर. आमची बहुतेक परदेशवर्णने मात्र बेत यथासांग पार पडल्याचा जमाखर्च मांडतात: हॉटेल, राजवाडा, जेवण, पुन्हा हॉटेल.

दोष सांगावयाचा तर तो पुस्तकाच्या नावातच आहे. हिंदुस्थानात एका भविष्य सांगणाऱ्याने सायमनला ‘तू ज्युपिटर आहेस’ असे सांगितले. समोरच्याचा गुरू उच्चीचा ठरविण्याची ही हातोटी आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे; चहा पाजून आपण ती विसरतो. सायमनने ती फारच मनावर घेतली. भ्यालेल्या, अडलेल्या सायमनच्या शेजारी आपण उभे असतो. तो स्वतःस ग्रहमालेत नेऊन बसवितो तेव्हा एकाएकी परका होतो.

२००१ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो त्याच मार्गाने पुन्हा निघाला. त्या दुसऱ्या प्रवासाच्या पुस्तकाचे नाव ‘ड्रीमिंग ऑफ ज्युपिटर’. ग्रह काही सुटला नाही.