ग्रंथविक्रेत्याची शिफारस

ग्रंथविक्रेत्याने सुचविलेले पुस्तक आणि समीक्षकाने वाखाणलेले पुस्तक यांत मूलतः भेद आहे. समीक्षक पुस्तकाला उत्तरदायी असतो, विक्रेता समोरच्या वाचकाला. मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक सुरू केले, तेव्हा दुकानातील ग्रंथचर्चा छापील पानावर आली आणि नव्या पुस्तकांची वार्ता मुंबईबाहेर जाऊ लागली. जबलपूरनजीकच्या पनागरसारख्या हिंदीभाषी गावातील मराठी वाचकाला पुस्तक चाळून पाहून घेणे दुर्घट. त्याच्यापुरती शिफारस हेच दुकान होय. साहजिकच तिची जबाबदारी वाढते.

येथे एक आक्षेप संभवतो. मॅजेस्टिक ही प्रकाशनसंस्थाही. मग तिच्या मासिकातील प्रशस्ती निःपक्षपाती कशी मानावी? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याच ‘ललित’मध्ये जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यव्यवहाराची यथेच्छ थट्टा करीत. प्रशस्तीशेजारी थट्टेलाही जागा देणाऱ्या मासिकाच्या प्रशस्तीला काही वजन येते.

तथापि थट्टा म्हणजे कारणमीमांसा नव्हे. नुसत्या नावांची यादी ही शिफारस नसून सूची होय. पुस्तक कोणासाठी आहे याबरोबरच ते कोणासाठी नाही, हेही विक्रेत्याने सांगितले पाहिजे. या दुसऱ्या वाक्याने एखादी प्रत कमी खपेल. पण दूरचा वाचक पुढचे पुस्तक मागवील तो त्याच वाक्याच्या भरवशावर.